धागा : एजंटांच्या सामायिक यादीत काम ‘झालं’ असं कोणी आणि कधी म्हणायचं?

आंबेबाग

नमस्कार मंडळी. हापूसच्या थेट ऑर्डरी सांभाळायला चार तऱ्हेचे एजंट, म्हणजे भाषा-मॉडेलवर चालणारे प्रोग्रॅम, एकाच यादीवर काम करतात. एक पैसे जमा झालेत का ते बघतो, दुसरा पॅकिंगची यादी काढतो, तिसरा पार्सल बुक करतो, चौथा ग्राहकाला निरोप धाडतो. पहिल्याच्या आणि तिसऱ्याच्या दोन-दोन प्रती चालतात. यादी म्हणजे एसक्यूलाइटमधलं (एकाच फाइलीत राहणारा छोटा डेटाबेस) एक टेबल: आयडी, प्रकार, ऑर्डर क्रमांक, स्टेटस, धारक (काम ज्याने उचललं तो एजंट). स्टेटस तीनच: बाकी, चालू, झालं.

अडचणी तीन. एकाच ऑर्डरचं पार्सल कधी दोनदा बुक होतं. पॅकिंगची यादी रिकामी असूनही काम ‘झालं’ दिसतं. आणि ऑर्डरची चारही कामं झाली तरी मूळ ऑर्डर ‘चालू’वरच अडकून राहते. अढीतला आंबा थांबत नाही, त्यामुळे एप्रिलच्या आत हे नीट बसवायचं आहे. स्टेटस वाढवू, की रांगेसाठी वेगळं सॉफ्टवेअर घेऊ?

खाडीकाठ

वेगळं सॉफ्टवेअर लागणार नाही. तीन दुखणी तीन जागची आहेत.

पहिल्याचं मूळ बहुतेक इथे असेल: एजंट आधी ‘बाकी’ काम वाचतो, मग दुसऱ्या हुकमाने ते ‘चालू’ करतो. या दोहोंच्या मधल्या फटीत दुसरी प्रत तेच काम वाचते. वाचणं आणि उचलणं एकाच अपडेटमध्ये करा. अपडेटच्या अटीत ‘स्टेटस अजून बाकी आहे’ हे लिहा आणि किती ओळी बदलल्या ते बघा. एक बदलली तर काम तुमचं, शून्य तर दुसऱ्याने नेलं. एसक्यूलाइट ३.३५ पासून, म्हणजे २०२१ पासून, ‘रिटर्निंग’ आहे. त्यामुळे उचललेली ओळ त्याच हुकमात परत मिळते, पुन्हा वाचावी लागत नाही. पोस्टग्रेसवर, म्हणजे वेगळ्या सर्व्हरवर चालणाऱ्या मोठ्या डेटाबेसवर, जाल तर ९.५ पासून ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ आहे. दुसऱ्याने धरलेली ओळ ओलांडून ते पुढची देतं.

एसक्यूलाइटवर राहणार असाल तर ट्रान्झॅक्शन (एकतर सगळे होणारे, नाहीतर एकही न होणारे हुकूम) ‘बिगिन इमिजिएट’ने उघडा, म्हणजे लिहायचा हक्क सुरुवातीलाच मिळतो. साध्या ‘बिगिन’ने आधी वाचून मग लिहायला गेलात आणि मधे कोणी लिहून गेलं असेल, तर ‘बिझी’ची चूक येते. तिथे बिझी टाइमआउट कितीही ठेवला तरी तो थांबत नाही, कारण तुमचं वाचन आधीच शिळं झालेलं असतं.

उचलताना जी शिस्त, तीच ‘झालं’ करताना. ‘झालं’ची अट नुसती ‘आयडी अमुक’ अशी नको. आयडी हा, स्टेटस चालू, धारक मी आणि फेरा अमुक, अशी चौपदरी अट हवी. फेरा म्हणजे दर उचलीला एकने वाढणारा आकडा. त्यासाठी टेबलात एक रकाना वाढवा.

सडा_आणि_कातळ

खाडीकाठदादा, धारक असताना फेरा कशाला? धारकाचं नाव पुरत नाही का?

खाडीकाठ

नाही पुरत. पार्सल-१ ने काम उचललं आणि तो मॉडेलच्या उत्तराची वाट बघत अडकला. काम धरून ठेवायची मुदत संपली म्हणून ते इतरांसाठी मोकळं झालं. तोवर पार्सल-१ ची प्रक्रिया पुन्हा सुरू झाली आणि तेच काम तिने त्याच नावाने परत उचललं. आता जुनी अडकलेली विनंती जागी होऊन ‘झालं’ लिहायला आली, तर धारक जुळतो, स्टेटस जुळतं, आणि खोटं ‘झालं’ बसतं. फेरा ३ चा ४ झालेला असेल तर जुन्याचं लिखाण आपोआप नाकारलं जातं.

आंबेबागने मुदतीचं काही लिहिलेलं नाही. मुदत नसेल तर वीज गेल्यावर मधेच मेलेल्या एजंटाचं काम कायम ‘चालू’च राहील. मुदतीचा रकाना हवाच. ‘आत्ता’ किती वाजले ते मात्र डेटाबेसला विचारा, एजंटाच्या यंत्रावरच्या घड्याळाला नको. पोस्टग्रेसमध्ये आणखी एक जपा: ‘नाऊ’ हे ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं. लांबलेल्या ट्रान्झॅक्शनमध्ये मुदत तपासायची तर ‘क्लॉक टाइमस्टॅम्प’ वापरा.

वाशिष्ठीपलीकडे

मुदतीच्या आकड्यांबद्दल. तयार रांगा वापरणारे इथेच फसतात. ॲमेझॉनच्या एसक्यूएस या रांग-सेवेत उचललेला निरोप मुळात ३० सेकंदच इतरांपासून लपलेला राहतो (वाढवून १२ तासांपर्यंत नेता येतो). साध्या कामाला ३० सेकंद भरपूर झाले, पण भाषा-मॉडेलची एकच हाक कधी त्याहून लांबते आणि एका कामात अशा पाच-सहा हाका असतात. मुदत न वाढवता तीच ठेवली की एकच काम दोघांच्या हातात जातं.

मुदत ६० सेकंद ठेवा आणि दर २० सेकंदांनी ‘अजून धरलंय’ अशी खूण करून ती पुढे ढकला. एखादी खूण हुकली तरी काम हातचं जाणार नाही. खूण करणारा धागा (प्रोग्रॅममधला समांतर चालणारा भाग) बहुतेक जण वेगळा ठेवतात. त्यामुळे मुख्य काम कुठे लटकलं तरी तो धागा खुणा करतच राहतो आणि मेलेलं काम जिवंत दिसतं. उपाय असा: मुख्य काम दर टप्प्याला, म्हणजे मॉडेलचं उत्तर आलं, टूल चाललं, फाइल लिहिली की, एक वेळ नोंदवतं. ती वेळ ५ मिनिटांपेक्षा जुनी झाली की खुणा बंद. एकूण उचलींनाही कमाल ठेवा. तीन फेऱ्यांत झालं नाही तर काम ‘माणसाकडे’. नाहीतर एखादी बिघडलेली ऑर्डर रात्रभर गरगरत राहते आणि मॉडेलचं बिल वाढवते.

पागोळी

पहिल्या दुखण्याचा दुसरा अर्धा भाग अजून कोणी हाताळला नाही. अट, मुदत, फेरा सगळं नीट बसवलं तरी पार्सल दोनदा बुक होऊ शकतं. एजंटाने कुरियरकडे बुकिंग केलं, कुरियरने स्वीकारलं, आणि ‘झालं’ लिहिण्याआधी वीज गेली. परत आल्यावर यादी म्हणते ‘चालू’, मुदत संपते, दुसरा एजंट उचलतो आणि पुन्हा बुक करतो. तुमचा फेरा कुरियरला ठाऊक नसतो.

आधी ‘झालं’ लिहून मग बुकिंग केलं तर उलटं होतं. वीज मधे गेली की बुकिंग नाहीच, आणि यादी मात्र झालं म्हणते. दोन वेगळ्या जागी लिहायचं असेल तर कुठला तरी धोका उरतोच. तेव्हा निवड अशी करा: ‘झालं’ नंतरच लिहायचं, आणि काम दोनदा झालं तरी परिणाम एकच राहील अशी सोय बाहेरच्या हाकेत करायची.

ती सोय अशी. बुकिंगच्या विनंतीसोबत स्वतःची एक खूणचिठ्ठी पाठवा, एकाच कामाला कायम तीच. ती कामाच्या आयडीवरून बनवा. त्यात फेरा घालू नका. ही चूक फार होते: फेरा घातला की दर फेऱ्याला नवी चिठ्ठी, म्हणजे पुन्हा दुबार बुकिंग. काही सेवा अशी चिठ्ठी ठरावीक काळच लक्षात ठेवतात, तो काळ त्यांच्या कागदपत्रांत बघून ठेवा.

कुरियर अशी चिठ्ठी घेत नसेल तर ‘ग्राहक संदर्भ’ नावाचा रकाना बहुधा असतो. त्यात ऑर्डर क्रमांक टाका आणि बुकिंगआधी त्याच संदर्भाने शोधा. सापडलं तर तोच पावती क्रमांक घेऊन काम पूर्ण करा. शोधून काहीच आलं नाही, पण आधीच्या फेऱ्यात हाक गेल्याची नोंद आहे, तर दोन-तीन मिनिटं थांबून पुन्हा शोधा. त्यांच्या यादीत बुकिंग उशिरा उमटू शकतं. म्हणून हाक मारण्याआधी ‘बुकिंगची हाक जाते आहे’ हे स्वतःच्या टेबलात लिहिणं भाग आहे. ही ओळ नसेल तर नंतर काय घडलं ते कळायला मार्ग उरत नाही.

आणि हाकेला टाइमआउट झाला म्हणजे काम ‘फसलं’ नव्हे. ते ‘अनिश्चित’. फसलेलं काम पुन्हा करतात, अनिश्चित काम आधी तपासतात. त्याला वेगळं स्टेटस द्या.

सडा_आणि_कातळ

पागोळीताई, आमच्या सड्यावर पावसात नेटवर्क येऊन-जाऊन असतं. एजंट एका जागी, डेटाबेस दुसऱ्या जागी असेल तर ‘झालं’चं लिखाण पोचतं पण उत्तर परत येत नाही. एजंट पुन्हा लिहितो, शून्य ओळी बदलतात आणि त्याला वाटतं काम हातातून गेलं. तेव्हा काय करावं?

पागोळी

शून्य ओळींचे तीन अर्थ होतात, ते वेगळे करून दाखवणं फंक्शनचं काम आहे. शून्य आल्यावर ती ओळ वाचा. स्टेटस ‘झालं’ आणि फेरा माझाच, तर माझंच पहिलं लिखाण पोचलं होतं. यशच समजा. फेरा दुसऱ्याचा, मग स्टेटस ‘झालं’ असो की ‘चालू’, तर माझं काम शिळं, निमूट सोडून द्या. स्टेटस ‘रद्द’ असेल तर बाहेर केलेलं काही उलटवायचं आहे का ते बघा. तिन्हींना एकच ‘चूक’ म्हणून परत पाठवलं की एजंट घाबरल्यासारखा सगळं पुन्हा करायला घेतो.

रुळावरून

दुसऱ्या दुखण्यावर बोलतो, कारण मला तेच सर्वांत गंभीर वाटतं. रेल्वेत स्टेशनमास्तर इंजिन फलाटाला आलं म्हणून मागचा ब्लॉक, म्हणजे दोन स्टेशनांमधला रूळ, मोकळा धरत नाही. गाडी पूर्ण आली, म्हणजे शेवटच्या डब्यावरची ‘एलव्ही’ची (लास्ट व्हेइकल) पाटी दिसली किंवा आत गेलेले आणि बाहेर आलेले चाकांचे आस मोजून जुळले, तेव्हाच मागच्या स्टेशनाला ‘लाइन क्लिअर’, म्हणजे पुढची गाडी सोडायची परवानगी, मिळते. वाटेत दोन डबे सुटून बोगद्यात राहिले असतील, तर इंजिन चालवणाऱ्याला ते कळेलच असं नाही. कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर समोरून गाडी यायची असते, तिथे ‘आली’ हा शब्द इतका जपून वापरतात.

भाषा-मॉडेलवरचा एजंट म्हणजे इंजिन. त्याच्या ‘काम पूर्ण केलं’ या वाक्याचं वजन पुरावा म्हणून शून्य. टूलने चूक परत दिली असेल, यादी अर्धीच निघाली असेल, टप्प्यांची मर्यादा संपत आली असेल, तरी तो छान सारांश लिहून काम बंद करतो. लांब संभाषण आखडून छोटं केलं की आधी काय राहिलं होतं तेही तो विसरतो.

म्हणून स्टेटस बदलायचं टूल एजंटाच्या हातात देऊच नका. त्याला ‘सादर करा’ एवढंच द्या. सादर केल्यावर साधा, ठोकळेबाज कोड तपासणी करेल आणि तोच ‘झालं’ लिहील. पॅकिंग यादीसाठी तपासणी सोपी आहे: फाइल उघडते का, यादीतल्या ओळी ऑर्डरींइतक्या आहेत का, डझनांची बेरीज ऑर्डरींतल्या डझनांशी जुळते का, प्रत्येक ओळीत सहा अंकी पिनकोड आहे का. ४० ऑर्डरींच्या यादीत ३९ ओळी आल्या तर ‘नामंजूर: ऑर्डर अमुक नाही’ असं नेमकं कारण परत जायला हवं. ‘तपासणीत नापास’ एवढंच म्हटलं तर एजंट अंदाजाने काहीतरी बदलून पुन्हा सादर करतो. पार्सलसाठी एजंटाने दिलेला पावती क्रमांक तसाच उतरवू नका. तपासणीच्या कोडने तो स्वतः कुरियरला विचारून खात्री करावी, कारण मॉडेल पावती क्रमांकाच्या आकाराचा क्रमांक मनानेही रचतं.

दुसऱ्या मॉडेलकडून तपासून घेणं हा उपाय ग्राहकाच्या निरोपाची भाषा बरी आहे का, अशा मोजता न येणाऱ्या गोष्टींपुरताच ठेवा. बेरीज मॉडेलकडून तपासून घेऊ नका.

आणखी एक. ‘सादर करा’ टूलला कामाचा आयडी विचारू नका. मॉडेल १२६ चं १६२ करतं आणि भलतंच काम सादर होतं. एका वेळी एजंटाच्या हाती एकच काम असतं. ते कोणतं, कितव्या फेऱ्याचं आणि धारक कोण, हे सत्रातूनच घ्या. मॉडेलने फक्त निकाल द्यावा.

वाशिष्ठीपलीकडे

रुळावरून यांचं म्हणणं मान्य, पण तपासणी चालू असताना स्टेटस काय ठेवायचं? ‘चालू’ ठेवलं आणि मुदत संपली तर सादर केलेलं काम दुसरा उचलेल.

रुळावरून

‘सादर’ असं वेगळं स्टेटस ठेवा. सादर झाल्यावर एजंटाची मुदत संपते आणि तपासणाऱ्याची सुरू होते. तीही मुदतच, कारण तपासणारी प्रक्रियासुद्धा मरते. नामंजूर झालं तर काम ‘बाकी’त परत, कारणासकट. ते कारण पुढच्या फेऱ्याच्या सूचनेत जोडा, नाहीतर नवा एजंट तीच चूक तशीच करतो.

कुळागर

तिसऱ्या दुखण्याचा पत्ता: मूळ ऑर्डर कशी बंद करता? ‘उरलेली कामं’ असा आकडा ठेवून दर ‘झालं’ला एक वजा करत असाल तर तो आकडा कधी ना कधी बिघडणारच. एक काम दोनदा झालं लिहिलं गेलं तर दोन वजा होतात.

आंबेबाग

आकडा नाही. प्रत्येक काम संपलं की एजंट त्या ऑर्डरची न झालेली कामं मोजतो, शून्य आली तर ऑर्डर बंद करतो. एसक्यूलाइट असलं तरी मोजणी वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये आहे, ‘झालं’ लिहिण्याच्या आधी. मोजताना स्वतःचं काम सोडून मोजतो.

कुळागर

मग कारण सापडलं. शेवटची दोन कामं एकाच वेळी संपत आली. पहिला मोजतो: दुसऱ्याचं अजून बाकी, ऑर्डर बंद नको. दुसरा मोजतो: पहिल्याचं बाकी, ऑर्डर बंद नको. मग दोघेही आपापलं ‘झालं’ लिहून निघून जातात. ऑर्डर बंद करायला कोणी उरतच नाही.

‘झालं’ लिहिणं, मोजणं आणि ऑर्डर बंद करणं हे तिन्ही एकाच ‘बिगिन इमिजिएट’ ट्रान्झॅक्शनमध्ये घ्या, याच क्रमाने. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच लिहितो, त्यामुळे तेवढं पुरतं. पोस्टग्रेसवर मात्र एवढ्याने भागत नाही. तिथल्या नेहमीच्या ‘रीड कमिटेड’मध्ये दोन ट्रान्झॅक्शनांना एकमेकांचं कमिट न झालेलं (अजून पक्कं न केलेलं) लिखाण दिसत नाही, म्हणून हाच प्रकार एका ट्रान्झॅक्शनमध्येसुद्धा होतो. तिथे सुरुवातीलाच मूळ ऑर्डरची ओळ ‘फॉर अपडेट’ने धरा. मग दुसरा रांगेत थांबतो आणि त्याची मोजणी बरोबर येते.

अजून एक छिद्र आहे. ऑर्डरची कामं पाडणारा एजंट ती एकेक करून टाकत असेल, तर पहिलं काम पडून लगेच संपलं की मोजणी शून्य येते आणि ऑर्डर बंद, बाकीची तीन कामं पडायच्या आधीच. एकही काम पडलं नसताना तर ‘सगळी झाली’ हे नेहमीच खरं असतं. ऑर्डरवर ‘यादी पक्की’ अशी खूण ठेवा. सगळी कामं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये टाकून शेवटी ती खूण लावा, आणि ऑर्डर बंद करायच्या अटीत ती खूण बघा.

सडा_आणि_कातळ

कामं टेबलात न ठेवता एका मजकुराच्या फाइलीत चौकोन टिकमार्क करणारे एजंट पुष्कळ दिसतात. छोट्या कामाला ते चालेल का?

खाडीकाठ

एकच एजंट असेल तर खुशाल. दोन असले की नाही. दोघेही पूर्ण फाइल वाचतात, आपापला चौकोन भरून पूर्ण फाइल परत लिहितात, आणि नंतर लिहिणाऱ्याच्या प्रतीत आधीच्याची टिक नसते.

फाइलीच हव्या असतील तर एका कामाला एक फाइल आणि ‘बाकी’, ‘चालू’, ‘झालं’ अशी तीन फोल्डर करा. उचलणं म्हणजे फाइलीचं नाव बदलून दुसऱ्या फोल्डरात नेणं. एकाच फाइल सिस्टिमवर नाव बदलणं अखंड असतं: एकाला जमतं, दुसऱ्याला ‘फाइल नाही’ अशी चूक मिळते. फोल्डर वेगवेगळ्या डिस्कवर असतील तर ते आतून कॉपी करून पुसणं होतं आणि ही हमी जाते. क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरात तर हे करूच नका. एसक्यूलाइटची फाइलही तिथे किंवा नेटवर्कवरच्या डिस्कवर ठेवू नका. डब्ल्यूएएल पद्धतीत (बदल आधी वेगळ्या नोंद-फाइलीत लिहायची एसक्यूलाइटची पद्धत) सगळ्या प्रक्रिया एकाच यंत्रावर असाव्या लागतात.

विजेचा विषय निघालाच आहे म्हणून: डब्ल्यूएएलसोबत ‘सिंक्रोनस’ (लिखाण डिस्कवर पक्कं पोचायची वाट कितपत बघायची ते ठरवणारी सेटिंग) ‘नॉर्मल’ ठेवलं असेल तर वीज गेल्यावर डेटाबेस बिघडत नाही, पण शेवटची काही कमिट झालेली लिखाणं मागे जाऊ शकतात. म्हणजे ‘बुकिंगची हाक जाते आहे’ ही पागोळीताईंची ओळच नेमकी नाहीशी व्हायची. या टेबलासाठी ‘फुल’ ठेवा. दिवसाला काहीशे कामांना त्याचा वेग जाणवणारही नाही.

आंबेबाग

सगळ्यांचे आभार. एक प्रश्न राहिला. बंद झालेलं पार्सलचं काम ग्राहकाने पत्ता बदलल्यावर पुन्हा उघडायचं की नाही?

पागोळी

उघडू नका. पत्ता बदलला तर त्याच ऑर्डरखाली नवं काम पाडा आणि जुन्याचा आयडी त्यात नोंदवा. जुनं उघडलं तर खूणचिठ्ठी जुनीच राहते, आणि कुरियर ‘हे आधीच बुक आहे’ म्हणून जुना पत्ताच परत देईल. गूगलने २०२५ मध्ये आणलेल्या ‘एजंट टू एजंट’ प्रोटोकॉलमध्येही (एजंटांनी एकमेकांशी बोलायचे नियम) हाच नियम आहे: पूर्ण, फसलेलं, रद्द आणि नाकारलेलं या शेवटच्या अवस्था आहेत. तिथे पोचलेलं काम पुन्हा चालू होत नाही, पुढचं काम त्याच संदर्भाखाली नवं सुरू करायचं. माणसाकडून माहिती हवी म्हणून थांबलेलं काम मात्र शेवटचं नव्हे, ते पुढे चालतं. तुमचं ‘माणसाकडे’ त्यात मोडतं.

आंबेबाग

आणि आत्ता टेबलात ‘चालू’ म्हणून पडलेल्या ३१ ओळींचं काय? त्यांना फेराच नाही.

खाडीकाठ

सगळे एजंट थांबवा, फाइलीची प्रत काढून ठेवा. नवे रकाने घाला, सगळ्यांना फेरा शून्य द्या. त्या ३१ पैकी पैसे तपासण्याची आणि पॅकिंग यादीची कामं सरळ ‘बाकी’त टाका, ती दोनदा झाली तरी बिघडत नाही. निरोपाची कामं, पाठवलेल्या निरोपांच्या नोंदीशी ताडून, झालेली वेगळी काढा. पार्सलची सगळी ‘अनिश्चित’ करा आणि कुरियरच्या खात्यातली बुकिंगची यादी उतरवून ऑर्डर क्रमांक, पिनकोड आणि वजन यांवरून एकेक जुळवा. जी जुळतील त्यांना तोच पावती क्रमांक देऊन ‘झालं’, न जुळणारी ‘बाकी’. एका ऑर्डरला दोन बुकिंग दिसली तर गाडी उचलायला यायच्या आत एक रद्द करा. हे उरकेपर्यंत पार्सलचे दोन्ही एजंट बंदच ठेवा, बाकीचे सुरू करायला हरकत नाही.